दारी बंदर, मुले परमुलखी

रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात एकच खंत ऐकू येते : मुले उरण सोडून जातात. हा दोष मुलांच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये आपल्या तालुक्यात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण दिले. त्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क मिळाला. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. बंदराला हवे होते क्रेन चालविण्याचे, कस्टम्सच्या कागदपत्रांचे कसब. आपण मात्र भूखंड विकून घरावर मजले चढविले. आज उरणचा तरुण उत्तरेस अंकलेश्वरसारख्या शहरी कारखान्यात पाळी करतो. त्याला बोल लावण्यापूर्वी, त्याच्या हाती आपण काय दिले, हे स्वतःला विचारावे.