तिसरा भाग कुठे आहे?

ब्रँडन सँडरसन या अमेरिकन लेखकाच्या ‘द स्टॉर्मलाइट आर्काइव्ह’ या मालिकेचा पाचवा खंड, ‘विंड अँड ट्रुथ’, ६ डिसेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध झाला. पाने तेराशेच्या वर. माझा भाचा चाकणला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, त्याने तो आधीच नोंदवून ठेवला होता. पहिला खंड २०१० साली आला तेव्हा तो शाळेत होता. आता त्याला मुलगी आहे, आणि लेखकाने ठरवलेल्या दहा खंडांपैकी पाच अजून यायचेत. निगडीहून तळवडेमार्गे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो हे वाचतो. म्हाळुंगेच्या आसपास गाड्या तुंबल्या की एक अख्खे प्रकरण होते, असे त्याचे म्हणणे.

त्याच बसमध्ये त्याच्या शेजारी पूर्व उत्तर प्रदेशातून आलेला एक फिटर बसतो. तो कानाला लावून हिंदी श्राव्य कादंबरी ऐकतो, शेकडो भागांची. राजपुत्र, शाप, सात दरवाजांची गुहा. ‘फर्स्ट’ला असो की ‘नाईट’ला, भाग चुकत नाही. भाच्याने मला हे सांगितले तेव्हा माझ्या डोक्यात पहिले नाव आले ते देवकीनंदन खत्रींचे. त्यांची ‘चंद्रकांता’ ही हिंदी कादंबरी १८८८ सालची. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर तिची मालिका लागली तेव्हा आमच्या चाळीतल्या पोरांच्या तोंडी तिच्यातला ‘यक्कू’च होता. त्या कादंबरीपुढे खत्रींनी ‘चंद्रकांता संतति’चे २४ भाग लिहिले. नंतर ‘भूतनाथ’ सुरू केली आणि १९१३ साली ती अर्धवट ठेवून ते गेले. मुलाने, दुर्गाप्रसाद खत्रींनी, ती पुरी केली.

त्याच १९१३ साली मराठीत नाथमाधवांची ‘वीरधवल’ आली. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे खरे नाव. १९०५च्या सुमारास सिंहगडावर शिकारीला गेले असताना ते कड्यावरून कोसळले आणि कमरेखालचे शरीर लुळे पडले. वय पंचविशीच्याही आत. अंथरुणाला खिळल्यावर वाचन वाढले, मग लेखन. आपल्याकडची तरणी पोरे आजही रविवारी सिंहगड चढतात; वर पिठलं-भाकरी खाताना त्यांना कोणीतरी हे सांगायला हवे, की मराठी अद्भुतरम्य कादंबरीतले एक मोठे नाव या गडावरून पडलेल्या माणसाचे आहे. अंथरुणातून उठता येत नाही म्हटल्यावर त्याने राजवाडे, जंगले, घोडदौडी कागदावर उभ्या केल्या. पुढे त्यांनी ‘स्वराज्याचा श्रीगणेशा’, ‘स्वराज्याची स्थापना’ अशी एकामागून एक जोडलेल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांची मालाच लिहिली. १९२८ साली ते वारले.

मला नाथमाधवांविषयी फार आदर आहे. म्हणूनच पुढची गोष्ट मनाला लागते. चिंचवडच्या ज्या वाचनालयाचा मी कित्येक वर्षे वर्गणीदार होतो, तिथे या मालेतले पहिले दोन भाग होते, चौथा होता, आणि तिसरा नव्हता. कोणीतरी नेला, परत आणला नाही, पुन्हा विकत घेतला गेला नाही. वाचणारा दुसऱ्यापाशी थांबायचा आणि दुसरेच पुस्तक घेऊन जायचा. एकट्या पुस्तकाचा एक नग हरवला तर एक पुस्तक जाते. मालिकेतला मधला भाग हरवला तर पुढचे सगळे कपाटात असूनही गेल्यासारखेच.

मराठी वाचकाला एवढा दम नाही, त्याला आटोपशीर लागते, असे प्रकाशनातले लोक म्हणतात. मला ते पटत नाही. श्रीधरांचे ‘हरिविजय’, ‘पांडवप्रताप’ हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीचे ग्रंथ. चऱ्होली, मोशी, चिखलीच्या घरांतून चातुर्मासात रोज एक अध्याय याप्रमाणे ते वाचले गेले, राक्षस आणि अस्त्रे आणि आकाशवाणीसकट. ऐकणारे शेतातून दमून आलेले असत. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या ‘करमणूक’मधून आठवड्याला थोड्या थोड्या आल्या आणि लोकांनी वाट पाहिली. दम होता, आहे. जानेवारी २०१६ मध्ये ८९वे साहित्य संमेलन पिंपरीत झाले तेव्हा पुस्तकांच्या गाळ्यांपुढची गर्दी मी पाहिली आहे. अंगावर कंपनीचा गणवेश असलेली माणसे पिशव्या भरून जात होती.

मग अडते कुठे? माझ्या मते लेखकाच्या मागे उभ्या राहणाऱ्या माणसांपाशी.

रॉबर्ट जॉर्डनचे उदाहरण पाहा. त्याच्या ‘द व्हील ऑफ टाइम’चा पहिला खंड १९९० साली आला. माला वाढत गेली आणि २००७ मध्ये, शेवट लिहायच्या आधीच, जॉर्डन आजारपणात गेला. जाण्यापूर्वी त्याने टिपणे करून ठेवली होती. त्याची पत्नी हॅरिएट मॅकडूगल हीच त्याची संपादकही होती. तिने सँडरसनची निवड केली, तेव्हा तो अगदी नवा लेखक होता. त्याने तीन खंड लिहिले आणि २०१३च्या जानेवारीत चौदावा, शेवटचा खंड निघाला. नवऱ्याच्या मृत्यूनंतर पाच वर्षांहून अधिक काळ ती बाई दुसऱ्याच्या हातच्या मजकुरावर काम करत राहिली, कारण कथेच्या मध्यावर थांबलेले वाचक तिला आपली जबाबदारी वाटले. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठी वाटते ती हॅरिएट.

उलट बाजूला जॉर्ज मार्टिन. त्याच्या मालेचा पाचवा खंड २०११ साली आला, सहाव्याची वाट वाचक अजून पाहताहेत. भाचा यावर चिडतो. “मामा, पैसे घेतलेत ना त्याने? मग डिलिव्हरी नको?” चाकणमध्ये काम करणाऱ्याला हे वाटणारच, तिथे एक सुटा भाग वेळेवर पोचला नाही तर लाइन थांबते आणि जाब द्यावा लागतो. पण मी त्याच्याशी सहमत नाही. वाचकाने घेतले ते पाच खंडांचे पैसे मोजून पाच खंड. सहावा तो मागू शकतो, वसूल करू शकत नाही. घाईने लिहिलेला शेवट आधीचे खंडही नासवतो.

मराठीत अशा माला लिहिणारे नव्हते असे नाही. पुण्याच्या नारायण धारपांनी ‘समर्थ’ या एका पात्राभोवती कितीतरी कथा-कादंबऱ्या रचल्या. २००८ मध्ये ते गेले. ‘तुंबाड’ या चित्रपटाचे एक बीज धारपांच्या कथेत आहे, आणि २०२४च्या सप्टेंबरमध्ये तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पहिल्या वेळेपेक्षा जास्त चालला. टोल्कीनची तीन खंडांची महाकथा मुग्धा कर्णिकांनी ‘स्वामी मुद्रिकांचा’ म्हणून मराठीत आणली. अशा भाषांतरामागे किती वर्षे जातात, हे करणाऱ्यालाच ठाऊक. टोल्कीनने खरे तर ते एकच पुस्तक म्हणून लिहिले होते. युद्धानंतरच्या कागदटंचाईत आणि खर्चाच्या धास्तीने प्रकाशकाने १९५४–५५ मध्ये त्याचे तीन भाग केले. तोट्याची तयारी ठेवून तिन्ही काढले, हे महत्त्वाचे.

चाकणच्या संग्रामदुर्गावरून जाताना मला नेहमी वाटते, इथे एक महाकथा पडून आहे. भुईकोट, आता थोडेच अवशेष उरलेले. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे तो दोन महिन्यांच्या आसपास लढवला. शेवटी भुयार खणून, दारू भरून बुरूज उडवावा लागला. जवळच भामचंद्राचा डोंगर, त्यातली लेणी, तुकोबांच्या चिंतनाची जागा. जमिनीखालचे भुयार, डोंगरातल्या गुहा, नदीकाठचे संत: अद्भुत कथा लिहिणाऱ्याला याहून काय हवे? यावर दहा खंड लिहू पाहणारा मुलगा किंवा मुलगी तळवड्याच्या आयटी पार्कात किंवा भोसरीच्या एखाद्या शेडमध्ये आत्ता काम करत असेल, याची मला खात्री आहे.

त्यांच्यासाठी दोन गोष्टी करता येतील. प्रकाशकाने पहिला खंड काढतानाच करार सगळ्या मालेचा करावा, आणि तिसरा निघेल तेव्हा पहिला बाजारात असेल एवढी तजवीज ठेवावी. आणि महापालिकेच्या, कामगार कल्याण केंद्रांच्या वाचनालयांनी मालिकांची वेगळी नोंद करावी: भाग किती, हातात किती, हरवलेला कोणता. हरवलेला भाग त्याच वर्षी परत विकत घ्यावा. सुरुवात नाथमाधवांच्या तिसऱ्या भागापासून करायला हरकत नाही.