शिस्त रक्ताची की सवयीची ?

ता. २२ जानेवारी २०२५ रोजी सायंकाळी पाचोऱ्यानजीक माहेजी व परधाडे ह्या स्टेशनांच्या दरम्यान जो अनर्थ घडला, तो आमच्या वाचकांच्या स्मरणातून गेला नसेल. लखनौहून मुंबईस जाणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. साखळी ओढली गेली. भयभीत उतारू शेजारच्या रुळांवर उतरले. आणि त्या रुळांवरून आलेल्या कर्नाटक एक्सप्रेसखाली किमान बारा जीव चिरडले गेले. आग नव्हतीच. अफवा मात्र खऱ्या आगीहून भयंकर ठरली.

ह्या घटनेपूर्वी एकच वर्ष, ता. २ जानेवारी २०२४ रोजी, टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारे एक प्रवासी विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले. त्या दुसऱ्या विमानातील पाच माणसे प्राणास मुकली. परंतु पेटलेल्या प्रवासी विमानातील ३७९ माणसे, लेकराबाळांसह, जिवंत बाहेर पडली. आतील ध्वनिक्षेपक बंद पडला होता. सेवकवर्गाने कर्णे हाती घेऊन व ओरडून सूचना दिल्या. उतारूंनी सामान तेथेच टाकले आणि सांगितलेल्या दारानेच ते बाहेर पडले. तेथे आग खरी होती, येथे खोटी. आणि तरीही परिणाम असा उलटा!

हे वाचून कोणी म्हणेल, 'जपानी लोकांच्या रक्तातच शिस्त आहे. आपले लोक तसे नव्हेत.' हे मत आम्हांस सर्वथा अमान्य आहे. परधाड्याच्या मृतांस दोष देण्याचा विचारही आमच्या मनास शिवत नाही. सबळ कारणावाचून साखळी ओढणे हा रेल्वेच्या कायद्याने गुन्हा आहे खरा. पण भीतीच्या क्षणी कायद्याचे कलम कोणास आठवत नाही, आठवते ती सवय. आणि सवय ही जन्मास येत नाही, ती लावावी लागते.

जपानात ती कशी लावतात ते पाहावे. तेथील शाळांत मुले आपला वर्ग, व्हरांडा व पुष्कळ ठिकाणी शौचकूपही स्वतः स्वच्छ करतात. दुपारचे जेवण पाळीपाळीने एकमेकांस वाढतात. घास घेण्यापूर्वी 'इतादाकिमासु' असे म्हणून अन्नाविषयी व ते पिकविणाऱ्या, रांधणाऱ्या हातांविषयी कृतज्ञता व्यक्त करतात. ता. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपाने टोकियो व योकोहामा ही शहरे उद्ध्वस्त केली. त्या दिवसाची आठवण म्हणून दर वर्षी १ सप्टेंबरास तेथे आपत्तीच्या वेळी कसे वागावे ह्याची तालीम होते. शोकाचे रूपांतर शिक्षणात करणे, ही त्या राष्ट्राची खरी हातोटी होय.

उंबऱ्याबाहेर पादत्राणे काढण्याची त्यांची चाल आमच्याही घरी आहे. भेद इतकाच, की आमची स्वच्छता उंबऱ्यापाशी संपते. घरातील केर रस्त्यावर लोटला की आम्ही पवित्र झालो ! ह्याचे कारण उघड आहे. आम्ही झाडू एका जातीच्या हाती दिला, आणि ज्याने घाण काढली त्यासच अस्पृश्य ठरविले. ज्या समाजात सार्वजनिक काम हे हलक्याचे काम ठरते, तेथे सार्वजनिक जागेविषयी आस्था कोठून यावी ? ह्याच जिल्ह्यातील अमळनेरास प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी विद्यार्थ्यांच्या खोल्या स्वतः झाडीत असत. तेव्हा हा धडा शिकण्यास टोकियोसच जावयास पाहिजे असे नाही. तो खानदेशात दिला गेला होता, आम्ही तो गिरविला नाही.

परंतु केवळ प्रजेने शिस्त पाळावी, एवढे म्हणून भागत नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये टोकियोनजीकच्या त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी वेळेपूर्वी २० सेकंद सुटली, तेव्हा कंपनीने उतारूंची जाहीर क्षमा मागितली. ह्याची आमच्याकडे थट्टा झाली. वस्तुतः ह्यातच सारे रहस्य आहे. जो अधिकारी वीस सेकंदांची चूक लपवीत नाही, त्याचा शब्द संकटसमयी लोक खरा मानतात. जेथे गाडी दोन तास उशिरा येऊनही कारण कोणी सांगत नाही, तेथे अधिकृत शब्दाची किंमत उरत नाही, आणि ती रिकामी जागा अफवा भरून काढते.

जपानचे सर्वच अनुकरणीय आहे असे मात्र नव्हे. ह्याच आज्ञाधारकतेने १९४५ पूर्वी त्या राष्ट्रास साम्राज्यतृष्णेच्या मागे डोळे मिटून नेले. आणि अतिश्रमाने येणाऱ्या मृत्यूस त्यांच्या भाषेत 'कारोशी' असा स्वतंत्र शब्द बनवावा लागला. तेव्हा घ्यावयाचे ते पारखून घ्यावे. महर्षी कर्व्यांनी टोकियोच्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका वाचली आणि १९१६ साली महाराष्ट्रात महिला विद्यापीठ उभे केले. त्यांनी जपानकडून किमोनो घेतला नाही, कल्पना घेतली. आज आम्ही मुंबई-अहमदाबाद मार्गासाठी जपानची आगगाडी व कर्ज घेत आहो. यंत्र पैशाने मिळते. त्यामागील सवय मिळत नाही.

म्हणून पाचोऱ्याच्या नागरिकांस आमची स्पष्ट सूचना आहे. येथील प्रत्येक शाळेत रोज थोडा वेळ सर्व जातींच्या मुलामुलींनी मिळून शाळा झाडावी, आणि पहिला झाडू मुख्याध्यापकांनी हाती घ्यावा. व्यापारी बंधूंनी आपल्या दुकानापुढील रस्ता आपलाच समजावा, आणि दिलेली वेळ व दिलेला शब्द तोलाइतकाच काटेकोर पाळावा. नगरपालिकेने व रेल्वेने चूक झाली तर ती प्रथम आपल्या तोंडाने सांगावी. आणि दर वर्षी २२ जानेवारीस शाळांतून व स्टेशनावर, आगीची आवई उठली तर काय करावे व काय करू नये, ह्याची तालीम व्हावी.

परधाड्यास मेलेले लोक आमच्या गावचे नव्हते, दूरदूरचे प्रवासी होते. पण ते आमच्या वेशीत मेले. त्यांचे श्राद्ध करण्याचा अधिकार आमचा नसेल. त्यांच्या मृत्यूपासून शिकण्याचे ऋण मात्र आमच्यावरच आहे.