एसटी मोफत झाली, पण पायरी कोण चढवणार? ज्येष्ठांच्या प्रवासाचं गणित नेसरीतून समजून घेऊया

महाराष्ट्रात 75 वर्षं पूर्ण केलेल्या प्रत्येकाला एसटीचा प्रवास मोफत आहे. 26 ऑगस्ट 2022 पासून ही सवलत लागू झाली. तरीही अनेक घरांत आजी-आजोबांचं उत्तर ठरलेलं असतं: "नको रे बाबा, आता एवढा प्रवास झेपत नाही."

तिकिटाचा प्रश्न सुटला, मग अडतंय कुठे? हे समजून घ्यायला कोल्हापूर जिल्ह्यातलं नेसरी हे गाव चांगलं उदाहरण आहे.

नेसरीच का?

24 फेब्रुवारी 1674 रोजी सरसेनापती प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार इथं धारातीर्थी पडले, म्हणून हे गाव सगळ्यांना माहीत आहे. गडहिंग्लज तालुक्यातल्या या गावाला रेल्वे नाही. गडहिंग्लजलाही नाही. म्हणजे मोठी तपासणी असो, लेकीचं घर असो की जोतिबाचं दर्शन, जायचं ते रस्त्यानेच. कोल्हापूर इथून सुमारे 90 किलोमीटर. एसटीने अडीच-तीन तास सहज जातात.

तरुण माणसाला हे अंतर जाणवत नाही. पण गुडघे गेलेत, रक्तदाब आहे, साखर आहे, एका डोळ्याला कमी दिसतं, अशा 78 वर्षांच्या माणसासाठी तोच प्रवास दिवसभराची मोहीम होते.

कोणाला काय सवलत मिळते?

- 75 वर्षांवरील नागरिक: साध्या गाडीपासून शिवनेरीपर्यंत सगळ्या एसटी गाड्यांत मोफत. वय दाखवणारं ओळखपत्र लागतं.
- 65 ते 75 वर्षं: तिकिटात 50 टक्के सवलत.
- महिला: 17 मार्च 2023 पासून कोणत्याही वयात 50 टक्के सवलत.
- दिव्यांग: 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर साध्या गाडीत 75 टक्के सवलत. दिव्यांगत्व 65 टक्क्यांच्या पुढे असेल तर सोबत्यालाही 50 टक्के.

यातली शेवटची ओळ नीट वाचा. सोबतीला येणाऱ्या माणसाचा विचार फक्त तिथंच केलेला आहे.

सोबतीचं तिकीट कोण काढणार?

म्हातारपणी हातपाय थकतात, पण सगळ्यांकडे दिव्यांग प्रमाणपत्र नसतं. संधिवात आहे, काठीशिवाय चालता येत नाही, तरी कागदावर माणूस धडधाकट. आजोबांचं तिकीट शून्य रुपयांचं, पण त्यांना धरून नेणाऱ्या मुलाचं तिकीट पूर्ण. शिवाय त्याची दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. 25 जानेवारी 2025 पासून एसटीची भाडेवाढ 14.95 टक्के झाली, तिचा भार याच माणसावर पडतो.

सून किंवा मुलगी सोबत आली तर तिला अर्धं तिकीट पडतं. त्यामुळे घरात "तूच जा ना आईला घेऊन" हा निर्णय अनेकदा तिकिटाच्या हिशेबावर होतो. बाईचा वेळ फुकटचा समजला जातो, हे त्या हिशेबात कुणी धरत नाही.

पायरी, गुडघा आणि लघवी

दुसरी अडचण गाडीच्या रचनेची. शहरांत धावणाऱ्या लो-फ्लोअर बसची जमीन रस्त्यापासून सुमारे 40 सेंटीमीटर उंच असते. गावाकडच्या साध्या एसटीत त्याहून बरंच वर चढावं लागतं. स्टँडवर फलाटाला गाडी लागली तरी पहिली पायरी उंचच. वाटेतल्या थांब्यावर रस्ता खचलेला असेल तर आणखी उंच.

म्हणून नेसरी-गडहिंग्लज पट्ट्यात अनेक म्हातारी माणसं एसटी मोफत असूनही पैसे देऊन वडापच्या जीपला हात करतात. ड्रायव्हरशेजारची सीट मिळाली तर चढणं सोपं, आणि गाडी घराजवळ थांबते. पण जीप गच्च भरलेली असेल तर हा आरामही नशिबावर.

तिसरी अडचण कुणी मोठ्याने बोलत नाही, ती म्हणजे लघवीची. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवीला वारंवार जावं लागतं. स्टँडवरचं स्वच्छतागृह लांब किंवा वापरण्यासारखं नसलं, की प्रवासाच्या दिवशी पाणी बंद, कधी गोळीही बंद. विशेषतः बायका असं करतात. मग उन्हात चक्कर येते, आणि घरचे म्हणतात "प्रवास सोसला नाही". खरं तर सोसलं नाही ते पाण्यावाचून राहणं.

बेळगाव जवळ, पण सीमेपलीकडे

नेसरी आणि चंदगड भागातल्या लोकांना मोठ्या दवाखान्यासाठी कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडतं. पण एसटीची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच. पुढच्या टप्प्याचं तिकीट 80 वर्षांच्या माणसालाही काढावं लागतं. कर्नाटकची 'शक्ती' योजना जून 2023 पासून महिलांना मोफत प्रवास देते, पण ती कर्नाटकातल्या रहिवासी महिलांसाठी.

त्यात फेब्रुवारी 2025 मध्ये भाषेच्या वादातून दोन्ही राज्यांतली बससेवा काही काळ विस्कळीत झाली. अशा वेळी ज्याची डॉक्टरची तारीख ठरलेली असते, त्याने काय करायचं? सीमाभागातला वाद सगळ्यात आधी स्टँडवर बसलेल्या पेशंटला भोगावा लागतो.

देवदर्शन आणि फिटनेसची अट

जुलै 2024 मध्ये राज्य सरकारने मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आणली. वय 60 च्या पुढे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपर्यंत, आणि प्रतिव्यक्ती 30 हजार रुपयांपर्यंतचा खर्च सरकारचा. या योजनेत 75 वर्षांवरच्या माणसाला सोबत एक सहायक नेता येतो. म्हणजे सोबतीची गरज सरकारला कळते. मग दवाखान्याच्या रोजच्या प्रवासात ती का कळू नये?

याच योजनेत प्रवासासाठी तंदुरुस्त असल्याचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. सुरक्षेसाठी ही अट समजण्यासारखी आहे. पण ज्यांना मदतीची गरज सगळ्यात जास्त, तेच यात मागे राहतात.

रेल्वेचं काय? ज्येष्ठांना तिकिटात मिळणारी 40 ते 50 टक्के सवलत मार्च 2020 मध्ये बंद झाली, ती पुन्हा सुरू झालेली नाही.

निघण्याआधी घरच्यांनी काय पाहावं?

1. गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका. प्रवासाच्या दिवशी कोणती गोळी कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्या.
2. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 मधल्या संशोधनानुसार, चार तास किंवा जास्त एकाच जागी बसून प्रवास केल्यास पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तरीही तो कमी असतो, सुमारे 6,000 प्रवाशांत एक. पण नुकतंच ऑपरेशन झालेलं असेल किंवा आधी गुठळी झालेली असेल तर डॉक्टरांशी बोला. बसल्या जागी घोटे हलवत राहा. स्वतःची गाडी असेल तर दर दीड-दोन तासांनी थांबा.
3. पुण्या-मुंबईच्या रात्रीच्या स्लीपर गाडीत वरचा बर्थ घेऊ नका.
4. काठी, चष्मा, कानाचं यंत्र हवं असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करा. 65 वर्षांवरच्या पात्र व्यक्तीच्या खात्यात 3,000 रुपये एकदाच मिळतात.

मग बदलायला काय हवं?

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रातली 9.9 टक्के लोकसंख्या 60 वर्षांवरची होती. हा आकडा वाढतच जाणार आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सुलभ वाहतुकीची जबाबदारी सरकारवर टाकलेली आहे. त्यामुळे या मागण्या काही दयेच्या नाहीत.

त्या फार महागही नाहीत. 75 वर्षांवरच्या प्रवाशासोबत एका माणसाला अर्धं तिकीट. तालुक्याच्या स्टँडवर पायरीला लावायचा एक भक्कम स्टूल, चालू स्थितीतली एक व्हीलचेअर आणि कडी लागणारं स्वच्छतागृह. सीमेपलीकडच्या दवाखान्याची चिठ्ठी असेल तर सवलत त्या गावापर्यंत.

तुमच्या स्टँडवर यातलं काय आहे, ते पुढच्या वेळी गेलात की पाहा. नसेल तर आगारप्रमुखांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी तक्रार गाडी सुटताच विसरली जाते.