आठवड्याची पुडी रोज घेतली तेव्हा

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या गावातील एका निवृत्त गुरुजींना त्यांचा मुलगा दंडाला धरून दवाखान्यात घेऊन आला. पंधरा दिवसांपासून अन्नावरची वासना उडालेली, मळमळ, उलट्या, शौचाला खडा. तहान अशी, की रात्री उशाशी ठेवलेला तांब्या पहाटेपर्यंत रिकामा व्हायचा. सहा-सात वेळा लघवीला उठायचे. ज्यांनी दोन पिढ्यांकडून पाढे घोकून घेतले, त्या गुरुजींना त्या दिवशी वार सांगता येईना. मुलगा हळूच म्हणाला, "डॉक्टर, वयामुळं भ्रम होतोय का हो?"

मी आधी साखर पाहिली. ती ठीक होती. मग त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी पाठवले. तिथे रक्तातील कॅल्शियम १३.८ निघाले. ते साडेदहाच्या वर गेले की आम्ही सावध होतो. मूत्रपिंडाचे काम मंदावले होते. ड जीवनसत्त्वाचा रिपोर्ट तर नुसता 'दीडशेपेक्षा जास्त' असा आला, कारण त्यापुढे मोजण्याची त्या यंत्राची तयारीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी मुलाने घरातील औषधांची पिशवी आणली. तीत ड जीवनसत्त्वाच्या, साठ हजार युनिटच्या, रिकाम्या पुड्या होत्या. गुरुजींनी काटकसरी स्वभावाप्रमाणे त्या रबर लावून जपून ठेवल्या होत्या. मोजल्या, तर पंचाहत्तर भरल्या. पिशवीच्या तळाशी माझीच चिठ्ठी होती. गुडघे आणि कंबर दुखते म्हणून अडीच महिन्यांपूर्वी मीच ती लिहिली होती. 'आठवड्यातून एकदा, आठ आठवडे' असे मी लिहिले होते खरे, पण इंग्रजीत आणि डॉक्टरी अक्षरात. मला ते वाचता आले, यात नवल नाही. गुरुजींच्या बाकीच्या सगळ्या गोळ्या रोजच्या होत्या, म्हणून हीही रोजचीच असे घरात सर्वांनी धरले. पुड्या संपल्या की रिकामी पुडी दुकानात दाखवायची आणि नवीन आणायच्या. दुकानदाराने एकदाही विचारले नाही. मीही त्यांना परत बोलावून पाहिले नव्हते. चूक कोणाची, याचा हिशेब मी पुष्कळदा मांडून पाहिला आहे. त्यात माझा वाटा लहान निघत नाही.

आता थोडे आकडे, कारण या प्रकरणात सगळा घोळ आकड्यांचाच आहे. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला ड जीवनसत्त्वाची रोजची गरज साधारण ६०० युनिट आहे. रोज ४,००० युनिटच्या वर जाऊ नये, असेही तिथे सांगितले आहे. म्हणजे साठ हजारांची एक पुडी शंभर दिवसांचा शिधा झाला. कोठार रिकामे असलेल्या माणसाला आठवड्याला एक अशी काही आठवडे देऊन ते भरायचे आणि मग थांबायचे, ही तिची रीत. गुरुजींनी पंचाहत्तर दिवसांत वीस वर्षांचा शिधा पोटात घातला होता. वजनात पाहिले तर साठ हजार युनिट म्हणजे अवघे दीड मिलिग्रॅम. पुडीत बाकी साखर आणि वास असतो, आणि म्हणूनच ती औषधासारखी वाटत नाही.

ब आणि क जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात आणि जास्तीचा बराचसा भाग लघवीवाटे निघून जातो. (तीही अगदी निर्धोक नाहीत. ब-६ महिनोन् महिने मोठ्या मात्रेत घेतले तर हातापायांच्या नसा बधिर होतात, हे १९८३ पासून माहीत आहे.) ड जीवनसत्त्व मात्र चरबीत विरघळते आणि तिथेच मुक्काम ठोकते. पुडी बंद केली तरी आत साठलेले कित्येक आठवडे, कधी महिने, कॅल्शियम वर चढवीत राहते. सलाईन आणि इतर औषधांनी गुरुजींची उलटी थांबली, वार-तिथी आठवू लागली, पण मूत्रपिंडाचा आकडा पूर्वीच्या जागी अजून आलेला नाही.

असे प्रसंग विरळा आहेत अशी समजूत असेल, तर ती सोडावी. श्रीनगरच्या डॉक्टरांनी २०११ साली अशाच रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. थंड मुलुख, अंगभर कपडे, म्हणून तिथे ड जीवनसत्त्वाची कमतरता खरीच मोठी. ती भरून काढण्याच्या भरात काही जणांच्या पोटात आणि दंडात काही महिन्यांत लाखो युनिट गेले. सहा लाख युनिटचे एक इंजेक्शन मिळते, ते 'ताकदीचे' म्हणून ओळीने टोचून घेणारे आपल्याकडेही आहेत. ऑस्ट्रेलियात तर सत्तरीच्या पुढच्या सव्वादोन हजारांहून अधिक स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिटचा डोस किंवा नुसती खोटी गोळी देऊन पाहिले. हाडे मोडणे कमी होईल, ही अपेक्षा होती. २०१० साली निष्कर्ष आला तो उलटा. डोस घेतलेल्या बायकाच जास्त पडल्या आणि त्यांचीच हाडे जास्त मोडली.

याचा अर्थ हे औषध वाईट, असा कोणी काढू नये. याच्या अभावी मुलांचे पाय वाकतात, घराबाहेर न पडणाऱ्या बायकांची हाडे मऊ होऊन दुखतात, हे मी वर्षानुवर्षे पाहतो आहे, आणि त्यांना हीच पुडी लिहून देतो. कोवळ्या उन्हात बसल्याने हे जीवनसत्त्व मिळते असे आपण ऐकत आलो, पण ते बनवणारे किरण दुपारच्या उन्हात असतात, सकाळच्या सोनेरी उन्हात फारसे नसतात. माझी तक्रार वेगळी आहे. हल्ली 'संपूर्ण शरीर तपासणी'च्या शिबिरात धडधाकट माणसाचेही ड जीवनसत्त्व मोजतात, कागदावर ते कमी दिसते आणि माणूस तो कागद घेऊन थेट मेडिकलमध्ये जातो. निरोगी माणसाची ही तपासणी सरसकट करू नये, असे अमेरिकेतील अंतःस्रावतज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ साली सांगितले आहे. मला ते पटते.

दुसरा प्रश्न मालाचा. पुडीवर छापले तेवढेच आत असते का? अमेरिकेत बोस्टनजवळ आठ माणसे अशीच कॅल्शियम वाढून आजारी पडल्याचा अहवाल १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी पुडी घेतली नव्हती, गोळीही नाही. रतीबाच्या दुधात ड जीवनसत्त्व मिसळताना डेअरीत मात्रा चुकत होती. आपल्याकडे केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला नापास औषधांची यादी काढते. २०२४ च्या ऑगस्टच्या यादीत कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्याही होत्या. म्हणून बॅच नंबर आणि मुदत पाहून, बिल घेऊनच हा माल घ्यावा. बिल मागितले की काही दुकानदारांचा चेहरा उतरतो. उतरू द्यावा.

खोक्यावर आणखी एक गोष्ट पाहावी. औषध म्हणून बनलेल्या मालावर औषध उत्पादनाचा परवाना असतो. 'पूरक आहार' म्हणून बनलेल्या मालावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी क्रमांक आणि औषधी वापरासाठी नाही अशी सूचना असते. दोन्ही एकाच फळीवर, एकाच रंगाच्या खोक्यात शेजारी बसलेले असतात. रोजच्या गरजेच्या शंभरपट मात्रेला मी अन्न म्हणायला तयार नाही. ती चिठ्ठीशिवाय काउंटरवरून हातात पडावी, हे तर मला मुळीच मान्य नाही. पूरक आहाराच्या डब्यावर मात्रा कधी युनिटमध्ये, कधी मायक्रोग्रॅममध्ये असते. एक मायक्रोग्रॅम म्हणजे चाळीस युनिट, एवढे गणित ध्यानात ठेवावे.

बाळाच्या थेंबांबाबत तर आयांनी फारच जपावे. एक मिलिलिटरमध्ये चारशे युनिट असलेली बाटली मिळते आणि आठशेवालीही. मोठ्या माणसांसाठी पाच मिलिलिटरमध्ये साठ हजार असलेली एवढीशी कुपीही मिळते. बाळाला रोज चारशे पुरतात. ज्या बाटलीचा ड्रॉपर, तो त्याच बाटलीला वापरावा आणि मोठ्यांची कुपी बाळाच्या औषधांजवळ ठेवूच नये.

आमच्याकडचे एक माळकरी काका नेहमी विचारतात, "हे आम्हाला चालतं का?" प्रश्न रास्त आहे. ड-३ बहुधा मेंढीच्या लोकरीतील तेलकट अंशापासून बनवतात, त्यासाठी मेंढी मारावी लागत नाही. मऊ कॅप्सूलचे कवच मात्र बहुतेक वेळा जिलेटिनचे, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचे असते. ज्यांना ते नको त्यांनी पुडी घ्यावी. घेताना जेवणाबरोबर किंवा सायीच्या दुधातून घ्यावी. स्निग्ध पदार्थाबरोबर ती नीट लागते.

ज्यांना मुतखडा झालेला आहे, मूत्रपिंडाचा आजार आहे, क्षयाचा उपचार चालू आहे, हृदयासाठी डिगॉक्सिन किंवा रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू आहे, त्यांनी डॉक्टरांना हे सांगितल्याशिवाय एकही पुडी फोडू नये.

मी आता चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहितो: 'फक्त रविवारी एक. एकूण आठ. मग बंद.' शेवटच्या रविवारची तारीखही घालतो आणि रुग्णाकडून ते मोठ्याने वाचून घेतो. गुरुजींनी स्वतः घरच्या कॅलेंडरवर आपल्या प्रत्येक औषधाच्या वारांना लाल पेन्सिलीने गोल केले आहेत. परवा तपासायला आले तेव्हा मला म्हणाले, "आता तुमचं अक्षर सुधारलं."

कोणाच्या घरी आठवड्याची पुडी रोज घेतली जात असेल, तर आजच बंद करावी आणि तिच्याबरोबरची कॅल्शियमची गोळीही थांबवावी. त्रास होत नसला तरी रक्तातील कॅल्शियम आणि क्रिएटिनिन तपासून घ्यावे. उलट्या किंवा गुंगी असेल तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात जावे. जाताना सगळ्या रिकाम्या पुड्या बरोबर घ्याव्यात.