सरपंच हटवा, साहेब बसवा?

"सरपंच-फिरपंच बंद करा रे. एक चांगला आयएएस बसवा, सहा महिन्यांत गावातले रस्ते चकाचक करतो की नाही बघ!"

हे वाक्य गेल्या वर्षभरात मी निदान दहा वेळा ऐकलंय. कँटीनमध्ये ऐकलं, कॅबमध्ये ऐकलं, एकदा तर लग्नाच्या पंगतीत ऐकलं. बोलणारे सगळे माझ्यासारखेच. इंजिनियर झालेले, पुण्यात फ्लॅटचे हप्ते भरणारे, गावी दिवाळीला आणि लग्नकार्याला जाणारे. हल्ली ह्या वाक्याला जोड म्हणून 'समृद्धी'चं उदाहरण येतं. "बघ, एका महामंडळाने मनावर घेतलं आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता उभा राहिला. गावच्या पंचायतीला ७०० मीटर जमत नाही!"

टाळी मिळते अशा वाक्याला. पण ते चूक आहे, आणि का चूक आहे ते सांगायला आजचा शनिवार खर्ची घालतोय.

उदाहरण म्हणून दुसरबीड घेऊ. बुलढाणा जिल्ह्यात, सिंदखेडराजा तालुक्यात, मेहकरच्या रस्त्यावरचं गाव. जिजाऊंचं जन्मस्थान ह्याच तालुक्यात. माझं गाव ह्याच भागात आहे, त्यामुळे इथली धूळ थोडीफार अंगावर आहे. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा समृद्धीचा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडाही खुला झाला. दुसरबीडला समृद्धीवरून उतरायला वाट आहे, टोलनाका आहे. वर ताशी १२० ची परवानगी. खाली उतरून गावखेड्याच्या रस्त्याला लागलात की ताशी २० ने चालवा, आणि बाळंतीण गाडीत असेल तर १०.

आता ह्याच जागेची दुसरी गोष्ट. २० ऑगस्ट २०२१. समृद्धीच्या कामावरचे मजूर आणि लोखंडी सळया एकाच टिप्परमधून चालल्या होत्या. दुसरबीडजवळ तढेगावच्या परिसरात तो टिप्पर उलटला आणि १३ मजूर गेले. परराज्यातून पोटासाठी आलेली माणसं. त्यावेळच्या बातम्यांत पोलिसांच्या हवाल्याने दोन कारणं आली होती, वेग आणि रस्त्यातला खड्डा. माणसांना सळयांवर बसवून नेणं हा तिसरा गुन्हा, तो मी माझ्याकडून जोडतो. देशातला एक सगळ्यात महागडा रस्ता बांधणारी माणसं त्याच्या शेजारच्या रस्त्यावर मेली. 'समृद्धी बघ आणि पंचायत बघ' म्हणणाऱ्यांनी हे दोन रस्ते एकदा शेजारी शेजारी ठेवून बघावेत.

कारण पहिला प्रश्न असा, की तो खड्डा बुजवायचा कुणी?

आपल्याकडे रस्ता दिसायला एक असतो, मालक निराळे. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे. इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेचे. पंतप्रधान ग्रामसडक (सुरुवात २००० साली) आणि मुख्यमंत्री ग्रामसडक ह्या योजनांतून होणाऱ्या रस्त्यांची यंत्रणा वेगळी. समृद्धी रस्ते विकास महामंडळाचा. शेतात जाणारा पाणंद रस्ता आणखी निराळ्या योजनेत. ह्या सगळ्यातून उरतं काय, तर गल्लीबोळ, नाल्या आणि दिवाबत्ती. ते ग्रामपंचायतीचं.

म्हणजे गावाबाहेर पडून तालुक्याला जाताना जे जे खड्डे लागतात, त्यातला बहुतेक एकही सरपंचाचा नाही. पण शिव्या मात्र त्यालाच. साहजिक आहे म्हणा. कार्यकारी अभियंता पारावर सापडत नाही, सरपंच सापडतो! ज्याच्या हातात सगळ्यात कमी, तोच तोंडासमोर सगळ्यात जास्त. सरपंचाचं मानधन किती असतं माहितीये? सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने ते दुप्पट केलं. दुप्पट करून लहान गावाला महिना ६,०००, मध्यम गावाला ८,००० आणि आठ हजारांवर वस्तीच्या गावाला १०,०००. आपण एका टीम डिनरला उडवतो तेवढे.

आता मूळ मुद्द्यावर येतो, 'साहेब बसवा'. मंडळी, साहेब बसवून झाले! तुमचं स्वप्न महाराष्ट्राने प्रत्यक्ष करून बघितलंय. २०१७ मध्ये निवडून आलेल्या जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, त्यात बुलढाणाही आली. ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात, त्यामुळे निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांच्या हातात गेला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, ती मुदतही पुढे वाढवून द्यावी लागली. म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ ना जिल्हा परिषद सदस्य, ना पंचायत समिती सदस्य. राजकारणी शून्य, साहेबच साहेब. मग सहा महिन्यांत चकाचक व्हायचे ते ग्रामीण मार्ग कुठे गेले?

झालं उलटंच. पंधराव्या वित्त आयोगाची अट अशी, की ज्या संस्थेत निवडून आलेली माणसं नाहीत तिला अनुदान नाही. महाराष्ट्रात ह्या पैशाची वाटणी ग्रामपंचायत ८०, पंचायत समिती १०, जिल्हा परिषद १० टक्के अशी. प्रशासक असल्यामुळे ह्या वरच्या दोघींचा वाटा अडकला. निवडणूक नाही म्हणून पैसा नाही, इतका सरळ हिशोब. आणि त्याहून मोठं नुकसान पैशात न मोजता येणारं. पूर्वी आपल्या गटाचा जि. प. सदस्य निदान एसटी स्टँडवर किंवा कुणाच्या तेराव्याला गाठता यायचा. "भाऊ, पूल वाहून गेला, आता पोरं शाळेत कशी जातील?" असं चारचौघांत विचारता यायचं. त्याला पुन्हा मतं मागायची असत, म्हणून लाजेकाजेने का होईना तो कुठेतरी फोन लावायचा. प्रशासकाला भेटायचं तर बुलढाणा गाठा, दिवसाची मजुरी बुडवा, अर्ज द्या, पोच घ्या. साहेब प्रामाणिक असेल, हुशारही असेल. पण त्याची बदली गावकऱ्यांच्या मतावर होत नाही, आणि तो रस्ता त्याच्या घरी जात नाही.

हे मी अधिकाऱ्यांवर टीका म्हणून लिहीत नाहीये. आपण ज्याला सिस्टीम डिझाईन म्हणतो ना, त्यातला प्रश्न आहे हा. ज्याला त्रास होतो त्याची तक्रार जिथे निर्णय होतो तिथपर्यंत पोचली पाहिजे. ती वायरच कापली, तर सर्व्हर कितीही भारी आणा, काय उपयोग?

आता थोडं मातीविषयी. आमच्याकडे काळी माती. कपाशी आणि सोयाबीनला सोनं, रस्त्याला वैरी. पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि तिच्या भेगांत हात जातो. अशा जमिनीवर रस्ता टिकवायचा तर खालचा थर नीट पाहिजे आणि कडेने पाणी वाहून जायला नाली पाहिजे. डांबर नंतर. पण नालीचं उद्घाटन होत नाही ना! फोटो निघतो तो काळ्याभोर डांबराचा. मग नाली नसलेला रस्ता होतो, दोन पावसाळे काढतो आणि तिसऱ्यात उखडतो. त्यात समृद्धीचं काम चालू असताना मुरूम आणि खडीच्या अवजड गाड्या ठिकठिकाणी ज्या गावरस्त्यांवरून गेल्या ते रस्ते तेवढ्या वजनासाठी बांधलेलेच नव्हते.

गावातल्या गल्लीत आणखी गंमत. सिमेंट रस्त्यावर पुन्हा सिमेंट रस्ता. दर वेळी चार-सहा इंच वर. आता रस्ता घराच्या उंबऱ्याहून उंच आणि पावसाचं पाणी थेट चुलीपाशी. आणि हे सगळं झाल्यावर जलजीवन मिशनची पाइपलाइन येते. २०१९ ची योजना, माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने. योजना चांगलीच आहे, आमच्या आयाबायांच्या डोक्यावरचा हंडा खरंच उतरायला हवा. पण नवा कोरा रस्ता मधोमध फोडून पाइप टाकायचा आणि वर माती लोटून निघून जायचं! आधी पाइप, मग रस्ता, हे कळायला आयआयटी लागत नाही. गावातल्या कुठल्याही म्हातारीला कळतं. पण तिला विचारलं कुणी? पाइपचा ठेकेदार एका खात्याचा, रस्त्याचा दुसऱ्या, आणि दोघांचीही बिलं गावात निघत नाहीत.

आणि मग 'पंचवीस-पंधरा'. शहरी वाचकांना हा आकडा माहीत नसेल, गावात पोरासोरांना माहीत असतो. २५१५ हे ग्रामविकास खात्याचं लेखाशीर्ष. आमदार-खासदारांनी सुचवायचं आणि गावात मूलभूत सुविधांची कामं मंजूर व्हायची. शिवाय आमदाराचा स्थानिक विकास निधी, तो २०२२ मध्ये वर्षाला ५ कोटी झाला. ह्यातून रस्ते होतात, नाही असं नाही. पण ते हक्काने होत नाहीत, कृपेने होतात. ज्या गावाने मतं दिली तिथे रस्ता, ज्याने नाही दिली तिथे 'बघू'. नारळ फुटतो, कोनशिला लागते, नावं संगमरवरात कोरली जातात. रस्ता उखडतो, कोनशिला मात्र टिकते :-)

आता तुम्ही म्हणाल, "म्हणजे सरपंच धुतल्या तांदळाचे?" अजिबात नाही. पंचायतीचा ठेका सरपंचाच्या मेव्हण्याला जातो हे मलाही माहितीये. कागदावर एलईडी आणि खांबावर अंधार, हेही बघितलंय. पण पंचायतीतली चोरी पकडता येते. कशी, ते सांगतो.

मागच्या वर्षी एका रिकाम्या रविवारी मी ई-ग्रामस्वराज पोर्टलवर आमच्या गावाचा हिशोब उघडला. कुणालाही बघता येतो, लॉगिन लागत नाही. त्यात शाळेमागच्या नालीवर खर्च दाखवलेला. काकांना फोन लावला.

"काका, शाळेमागची नाली कधी झाली?"

"कोणती नाली बाप्पा? तिथं तर डबकं हाये."

काकांनी पुढच्या ग्रामसभेत विचारलं. आधी आरडाओरडा, मग सारवासारव, मग 'ते काम दुसऱ्या गल्लीत धरलंय'. काका म्हणाले, दाखवा ती गल्ली. चार महिन्यांनी शाळेमागे नाली झाली. अर्धीच झाली, पण डबकं गेलं. माझं काय कर्तृत्व त्यात? एक लिंक उघडली, बास. खरं काम केलं ते समोरासमोर विचारायच्या जागेने. हाच हिशोब एखाद्या महामंडळाचा असता तर काका कुठल्या सभेत उभे राहिले असते?

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ ला अमलात आली. तिने २९ विषय पंचायतींकडे देण्याजोगे म्हणून लिहून ठेवले, त्यात रस्ते आहेत, पूल आहेत, पिण्याचं पाणी आहे. ती अर्धी राबवून 'पंचायती फेल गेल्या' म्हणायचं, हे म्हणजे टेस्टिंगला वेळच न देता टेस्टरला दोष देणं. तीन गोष्टी करा.

एक, गावाच्या शिवारातल्या प्रत्येक रस्त्यावर पाटी लावा: मालक कोण, ठेकेदार कोण, दुरुस्तीची जबाबदारी कुठल्या तारखेपर्यंत. ग्रामसडक योजनेत त्याच ठेकेदाराने पाच वर्षं देखभाल करायची असते आणि तशा पाट्याही असतात. मग बाकीच्या रस्त्यांना काय पाप लागलं?

दोन, गावातला कुठलाही रस्ता कुणीही फोडला किंवा अवजड गाड्यांनी खराब केला, तर तो पूर्ववत झाल्याचा ग्रामसभेचा ठराव आल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल काढू नका.

तीन, आमदारांच्या शिफारशीने वाटला जाणारा पैसा लोकसंख्येच्या हिशोबाने थेट पंचायतीला द्या, आणि त्यातला ठरावीक हिस्सा फक्त दुरुस्तीला. नवीन काहीही नाही, कोनशिला नाही, नारळ नाही.

तिसऱ्या मागणीला कुठलाही पक्ष तयार होणार नाही हे मला कळतं. तरी मागायला काय जातंय?

आणि आपण? आपण काय करणार? वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्यायच्याच असतात. गणपूर्ती लागते मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, जे कमी असेल ते. ती शंभर माणसंही जमत नाहीत, म्हणून सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग दहा जणांत ठराव होतात आणि त्या दहांत मेव्हणा असतोच. तुमचं नाव अजून गावच्या यादीत असेल तर एकदा सुट्टी जुळवून जाऊन बसा. नसेल तर निदान काकांना फोन करा आणि हिशोब वाचून दाखवा. त्यांच्याकडे मत आहे, आवाज आहे, वेळही आहे. इंग्रजी आकड्यांचं ते पोर्टल तेवढं त्यांना उघडता येत नाही, आणि आपल्याला पगार त्याचाच मिळतो.

आयएएस बसवा म्हणणं सोपं आहे, कारण त्यात आपल्याला काहीच करावं लागत नाही.