घरचे नियम, छापील नियम आणि योद्ध्याचा वाटा

१/
फँटसी रोलप्लेइंग खेळांच्या जगात एक वाद पन्नास वर्षे मिटलेला नाही. पुस्तकात छापलेला नियम श्रेष्ठ, की प्रत्येक टेबलाने आपल्यापुरता ठरवलेला ‘हाउस रूल’? हाउस रूलमुळे क्लासमधला समतोल ढासळतो, ही नेहमीची तक्रार. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’चा इतिहास मात्र वेगळी साक्ष देतो. (थ्रेड)

२/
या खेळाशी परिचय नसलेल्यांसाठी थोडक्यात. टेबलाभोवती चार-पाच खेळाडू, प्रत्येकाचे एक पात्र. त्या पात्राचा पेशा म्हणजे क्लास : योद्धा, जादूगार, क्लेरिक, चोर. एक जण डन्जन मास्टर, म्हणजे सूत्रधार आणि पंच एकाच वेळी. हाउस रूल म्हणजे काय, हे गल्ली क्रिकेटमधला ‘एक टप्पा आऊट’ ठाऊक असलेल्यास समजावून सांगण्याची गरज नाही.

३/
वादाचे मूळ प्रशियात आहे. १८२४ मध्ये राइसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले : नकाशा, ठोकळे, फासे, तक्ते आणि पंच. पुढे तक्त्यांचे ओझे वाढले. १८७६ मध्ये फेर्डी दु व्हेर्नवा यांनी तक्ते बाजूला सारून अनुभवी पंचाच्या विवेकावर खेळ चालवावा, असे प्रतिपादन केले. ‘अक्षर की विवेक’ हा प्रश्न डन्जन्स अँड ड्रॅगन्सपेक्षा सुमारे शंभर वर्षांनी वडील आहे.

४/
१९७१ मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियमपुस्तक आले. त्याच्या पुरवणीत ड्रॅगन आणि जादूगार होते. मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन यांनी आपल्या ‘ब्लॅकमूर’ या खेळात चेनमेल वापरून पाहिले आणि ते मोडून-जोडून त्याचे भलतेच काही केले. गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या नावे १९७४ मध्ये डन्जन्स अँड ड्रॅगन्स प्रसिद्ध झाले : एका पेटीत तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर, पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. हा खेळच मुळात एका टेबलावरच्या बदलांचा संग्रह होता.

५/
यातला सर्वांत बोलका पुरावा म्हणजे क्लेरिक. ब्लॅकमूरमध्ये ‘सर फँग’ नावाचे एका खेळाडूचे पात्र व्हॅम्पायर झाले आणि इतरांना आवरेना. त्याला शह देण्यासाठी पिशाच्चांना पिटाळणारा धर्मयोद्धा निर्माण करण्यात आला. आज ज्याला मूलभूत क्लास मानले जाते, तो एका टेबलावर, एका पात्राला रोखण्यासाठी केलेला हाउस रूल होता. समतोल राखण्याची निकड आधी उद्भवली. क्लास नंतर आला.

६/
चोराची कथा निराळी नाही. ही कल्पना कॅलिफोर्नियातील खेळाडूंकडून आली आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत छापील झाली. वीस बाजूंच्या फाशाने लढण्याची पद्धतही १९७४ च्या पुस्तिकांत ‘पर्यायी’ म्हणून दिली होती. मुख्य पद्धत चेनमेलची. टेबलांनी पर्याय उचलला आणि तोच राजमार्ग झाला.

७/
त्या काळचा समतोल कसा होता? समान मुळीच नव्हता. दुसरी लेव्हल गाठण्यास क्लेरिकला १५०० एक्स्पिरियन्स पॉइंट लागत, योद्ध्याला २०००, जादूगाराला २५००. ग्रेहॉकमधल्या चोराला अवघे १२००. जादूगाराला आरंभी एकच मंत्र मिळे. तो वापरला की उरलेला वेळ इतरांच्या पाठीशी लपून काढायचा.

८/
१९७८-७९ च्या अ‍ॅडव्हान्स्ड नियमांत हा हिशेब अधिक कठोर झाला. योद्ध्याचे हिट पॉइंट दहा बाजूंच्या फाशावर ठरत, जादूगाराचे चार बाजूंच्या. मंत्र म्हणताना घाव बसला तर मंत्र वाया. जादूगाराची पुढची अफाट शक्ती ही एक प्रकारची उधारी होती. तिचे व्याज तो सुरुवातीच्या दुबळेपणाने आणि अकाली मृत्यूच्या धोक्याने फेडत असे. हा करार ध्यानात घेतल्याशिवाय पुढचा इतिहास कळत नाही.

९/
दरम्यान टेबले स्वस्थ बसली नव्हती. १९७५ मध्ये लॉस एंजेलिसमधून ली गोल्ड यांनी ‘अलारम्स अँड एक्सकर्शन्स’ सुरू केले. खेळाडू आपापली पाने लिहून पाठवत आणि ती एकत्र बांधून वाटली जात. नवे क्लास, नवे मंत्र आणि नव्या तक्त्यांवर तिथे वाद झडत. त्याच वर्षी केन सेंट आंद्रे यांनी मूळ नियमांना कंटाळून ‘टनल्स अँड ट्रोल्स’ हा स्वतंत्र खेळ काढला. स्टीव्ह पेरिन यांचे लढाईविषयीचे घरगुती नियम आधी हस्ते-परहस्ते फिरले; १९७८ मध्ये त्यांच्या ‘रूनक्वेस्ट’ने तर क्लासच रद्द केले.

१०/
मग सत्तेने शिक्का उचलला. १९७४ मध्ये ‘कल्पना तुमची तुम्हीच करा’ असा उदार सूर लावणारे गायगॅक्स १९८२ मध्ये ‘ड्रॅगन’ मासिकात बुद्धिबळ आणि पोकरचा दाखला देऊन सांगू लागले, की नियम बदलणारा अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स खेळतच नाही. स्पर्धांसाठी एकसारखे नियम हवेत, हे कारण खरेच होते. पण पार्श्वभूमीला व्यापारही होता : ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ हा वेगळा खेळ मानायचा की नाही, यावर आर्नेसन यांच्या मानधनाचा प्रश्न अवलंबून होता. त्यांनी १९७९ मध्ये दावा दाखल केला आणि १९८१ मध्ये तडजोड झाली.

११/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक खूणगाठ परिचित असते : एखाद्या गोष्टीवर वारंवार मनाई दिसली, तर ती गोष्ट सर्रास चालू होती असे समजावे. ‘क्रिटिकल हिट’ पाहा. फाशावर २० पडल्यास दुप्पट इजा, हा नियम एम. ए. आर. बार्कर यांच्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’मध्ये १९७५ मध्येच होता. गायगॅक्स यांनी १९७९ मध्ये या कल्पनेला ठाम नकार दिला. टेबलांनी तो नकार मानला नाही. १९८९ च्या आवृत्तीत तो नियम ऐच्छिक झाला, २००० मध्ये मुख्य. सनदेवर वहिवाटीने मात केली.

१२/
त्याच २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत एक मोठी उलथापालथ घडली. सर्व क्लासना एकच एक्स्पिरियन्स तक्ता मिळाला. घाव बसूनही मंत्र तारून नेण्याची सोय झाली. किचकट, कंटाळवाणे नियम गेले म्हणून अनेकांना आनंद झाला. पण जादूगाराचे कर्ज माफ झाले आणि भांडवल तसेच राहिले. ‘योद्धा सरळ रेषेत वाढतो, जादूगार वर्गाच्या पटीत’ ही खेळाडूंमधली म्हण खरी ठरत गेली. म्हणजे समतोल बिघडवणारे प्रत्येक वेळी हाउस रूलच असतात, असे नाही. हे काम छापील पुस्तकानेही चोख बजावले आहे.

१३/
२००८ च्या चौथ्या आवृत्तीने उपाय योजला तो गणिती : प्रत्येक क्लासला एकाच साच्यातील शक्ती. काही वारंवार वापरायच्या, काही लढाईत एकदा, काही दिवसातून एकदा. योद्ध्याला प्रथमच जादूगाराच्या तोडीचे पर्याय मिळाले. तरीही असंख्य खेळाडूंना सारे क्लास एकाच चवीचे वाटले. २००९ मध्ये आलेल्या ‘पाथफाइंडर’ने जुन्याच नियमांची डागडुजी करून त्यांना आसरा दिला. समान असणे आणि समतोल असणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हा या प्रयोगाचा धडा.

१४/
२०१४ च्या पाचव्या आवृत्तीने निर्णयाचा अधिकार पुन्हा सूत्रधाराकडे सोपवला. परंतु तिचा हिशेब एका गृहीतकावर उभा आहे : खेळातल्या एका दिवसात सहा ते आठ झटापटी होतील. जिथे दिवसाकाठी एकच भव्य लढाई होते, तिथे जादूगार सारे मंत्र एका दमात उधळतो आणि न थकता तलवार चालवण्याचा योद्ध्याचा गुण निरुपयोगी ठरतो. ही सवय कुठल्याही कागदावर नसते. तरीही तो हाउस रूलच होय. आणि तो बोलला जात नाही म्हणूनच अधिक घातक.

१५/
दुसरे उदाहरण आकड्यांचे. ‘फाशावर १ पडला तर शस्त्र हातून निसटते’ हा गमतीचा घरचा नियम अनेक टेबलांवर लाडका आहे. एका हल्ल्यात १ पडण्याची शक्यता ५ टक्के. पाचव्या आवृत्तीतला विसाव्या लेव्हलचा योद्धा एका पाळीत चार हल्ले करतो. त्यांपैकी किमान एकात १ पडण्याची शक्यता होते सुमारे साडेअठरा टक्के. म्हणजे योद्धा जितका निष्णात, तितका अधिक धांदरट! जादूगाराचे अनेक मंत्र तर शत्रूलाच फासा टाकायला लावतात. त्याच्या हातून काहीच निसटत नाही.

१६/
छापील नियमांच्या समर्थकांची खरी ताकद इथे आहे आणि ती नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पुस्तक हा नवख्याचा आधार असतो. सूत्रधाराचा जुना मित्र जादूगार असेल आणि कोपऱ्यातला नवा मुलगा योद्धा, तर ‘पंचाचा विवेक’ मैत्रीकडे झुकायला वेळ लागत नाही. लिखित नियम त्या मुलाला किमान बोट ठेवण्यापुरती एक ओळ देतो.

१७/
म्हणून प्रश्न ‘घरचा की छापील’ असा विचारणेच चूक आहे. प्रश्न हवा : या नियमाने कोणाची पाळी हिरावली जाते? हाउस रूल खेळापूर्वी सर्वांसमोर सांगितलेला असावा. ज्याचे नुकसान होणार त्याला आधी विचारलेले असावे. आणि चार बैठकांनंतर तो मागे घेण्याची तयारी असावी. या कसोट्या छापील नियमांनाही तितक्याच लागू आहेत.

१८/
२०२४ च्या सुधारित नियमांत औषधी काढा पिण्यासाठी आता पूर्ण कृती खर्च करावी लागत नाही. कित्येक टेबले हे आधीपासूनच करत होती. क्लेरिकपासून काढ्यापर्यंत क्रम तोच : आधी टेबल, मग छापखाना. या खेळाचा समतोल कोणत्याही आवृत्तीत पूर्ण झालेला नाही आणि होणारही नाही. तो दर आठवड्याला, त्या त्या टेबलावर बसलेल्यांनीच साधायचा असतो. त्यांतला सर्वांत कमी बोलणारा खेळाडू पुढच्या बैठकीला परत येतो की नाही, यावरून तो साधला की नाही ते कळते.