मधाचे बूच

आमच्या मानोरा तालुक्यातल्या आठवडी बाजारात रानचा मध येतो तो बहुधा जुन्या बाटलीत, तोंडाला कागदाचा बोळा लावून. गिऱ्हाईक बाटली उन्हात धरते, नाक मुरडते आणि विचारते, "गुळाचा पाक तर नाही ना?" हेच गिऱ्हाईक शहरातल्या दुकानातली झाकणबंद बाटली मात्र मुकाट्याने घेते. माझे स्पष्ट मत असे की, येथे खोट मधात नाही, बुचात आहे.

मध हवेतला ओलावा ओढून घेतो. पाण्याचा अंश शेकडा 20 च्या वर गेला की तो आंबू लागतो. म्हणूनच मधमाश्या पंखांनी वारा घालून मध आटवतात आणि भरलेल्या घरावर मेणाचे झाकण बसवतात. झाकणाचे मोल माशीला कळले, माणसाला कळू नये?

बूच ज्या ओक झाडाच्या सालीपासून होते, ते पोर्तुगाल-स्पेनकडचे. झाड न तोडता साधारण दर 9 वर्षांनी साल काढतात. त्या सालीची पोळी हिवाळ्यात गारठत नाहीत, उन्हाळ्यात तापत नाहीत, असे रोमन लेखक कोलुमेला याने पहिल्या शतकातच सांगितले. पुढे 1665 साली रॉबर्ट हूकने बुचाचा काप भिंगाखाली पाहिला, तेव्हा त्यालाही मधाचे पोळेच आठवले! घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. हे मला ग्रंथालयात समजले. पण ज्या माणसाच्या ते कामाचे, तो ग्रंथालयाची पायरी कधी चढणार?

कोणी म्हणेल, बाटलीला काय भुलायचे? खरे आहे. 2020 साली दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने 13 नाममुद्रांचा मध तपासून घेतला, तेव्हा 10 नापास ठरल्या. घट्ट झाकण म्हणजे सचोटी नव्हे. पण मग संशय फक्त चिंधी लावलेल्या बाटलीवरच का?

परदेशी बूच मागवा, असे मी म्हणत नाही. पोळे पिळण्याऐवजी पिकलेला मध गाळून घ्यावा, कोरडी काचेची बाटली, घट्ट झाकण आणि वर गावाचे नाव असावे, एवढेच. सातारा जिल्ह्यातले मांघर 2022 मध्ये 'मधाचे गाव' झाले. तसे नाव आमच्या गावांनी का मिळवू नये? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. एक दिवस मध काढणाऱ्यांसोबत बसलो, तर त्यांच्या कष्टाला दाम मिळेल आणि आपल्या पदवीला अर्थ.